मागच्या हाऊसिंगचा आवाज वेगळा आणि ताकद वेगळी: क्राऊन-पिनियन कंपनीचा घ्यावा की बाहेरचा?

जुन्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की पुण्याकडं उतार लागतो, तिथं मी जीप सेकंडला टाकतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतो. मागच्या पावसाळ्याआधी नेमकं तेव्हाच मागून एक आवाज यायचा, ऊंऽऽऽ असा, लांब ताणलेला. पाय परत दिला की बारीक व्हायचा, सोडला की परत मोठा. मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगमध्ये नवीन क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना ताकद देणारी दोन गिअरची जोडी, टाकून जेमतेम तीनशे किलोमीटर झाले होते. आणि ज्याला सांगावं त्याचं उत्तर ठरलेलं, लोकल माल टाकलास ना मग आवाज करणारच, सहा महिन्यांत दात जाणार बघ.

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याच्यावर लिहायलाच पाहिजे असं वाटलं. कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. एक म्हणजे आवाज येतो, आणि दुसरी म्हणजे तुटणार. आवाज करणारा गिअर वर्षानुवर्षं चालू शकतो, आणि अजिबात आवाज न करणारा गिअर एका दणक्यात दात टाकू शकतो. ह्या दोन्हीची कारणं वेगळी आहेत, ती वेगवेगळी समजली की कंपनीचा घ्यायचा का बाहेरचा हा प्रश्न बराच सोपा होतो.

आधी आत काय आहे ते बघू. गिअरबॉक्सकडून मागं ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतो, चाकं फिरतात त्याच्या काटकोनात. हे वळण मागच्या हाऊसिंगमध्ये घेतलं जातं. शाफ्टच्या टोकाला छोटा गिअर म्हणजे पिनियन, आणि त्याच्यावर बसलेला मोठा गोल गिअर म्हणजे क्राऊन. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. माझ्या जीपला 39 आणि 8 दात आहेत, म्हणजे 4.88. कुठं 41 आणि 11 असतात, तो झाला 3.73. दातांचे आकडे असे विचित्र का तर मुद्दाम, 39 आणि 8 ला कुठल्याच एका आकड्यानं भाग जात नाही, त्यामुळं पिनियनचा प्रत्येक दात आळीपाळीनं क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि घासणं सगळीकडं सारखं होतं.

आता ह्यातली खरी गंमत म्हणजे बहुतेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या बरोबर मधोमध नसतो, थोडा खाली असतो. ह्याला हायपॉइड म्हणतात. 1920 च्या दशकात अमेरिकेत पॅकार्डच्या गाड्यांत हे आलं आणि मग सगळीकडं पसरलं, कारण शाफ्ट खाली गेला की गाडीचा फ्लोअर खाली घेता येतो, आणि पिनियन त्याच रेशोला जरा जाड करता येतो, एका वेळी जास्त दात एकमेकांत राहतात. म्हणजे ताकदही वाढली आणि आवाजही कमी झाला. पण किंमत मोजावी लागली ती अशी की दात एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, लांबीच्या दिशेनं घसरतातही, आणि तेसुद्धा प्रचंड दाबाखाली. साधं ऑइल तिथं टिकत नाही, पिळून बाहेर पडतं आणि लोखंडाला लोखंड लागतं. म्हणून हाऊसिंगला जीएल-5 ग्रेडचंच ऑइल लागतं, ज्यात दाब सहन करणारी रसायनं असतात. गिअरबॉक्सचं उरलंय म्हणून तेच हाऊसिंगमध्ये ओतणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, नका करू. आणि उलटंही नका करू, कारण तीच रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना त्रास देऊ शकतात.

आता आवाज. दात दाताला भेटताना एकदम गुळगुळीत हस्तांतर व्हायला पाहिजे, एकानं सोडायचं तेवढ्यात दुसऱ्यानं धरायचं. प्रत्यक्षात त्यात मायक्रॉनमधला फरक राहतो, म्हणजे पिनियन एकसारखा फिरत असला तरी क्राऊन केसभर पुढंमागं होत फिरतो. प्रत्येक दाताला एक बारीक ठोका. हे ठोके इतके भरभर पडतात की आपल्याला सूर ऐकू येतो. हिशोब करून बघा. माझे टायर 215/75 आर 15, एका फेऱ्यात साधारण 2.2 मीटर जातात. 60 च्या स्पीडला चाक सेकंदाला साडेसात फेऱ्या मारतं, गुणिले क्राऊनचे 39 दात, म्हणजे सेकंदाला 294 च्या आसपास ठोके. हे मी घरी ताईच्या पेटीवर लावून बघितलं, मोबाईलवर रेकॉर्डिंग करून आणलं होतं, तर बरोब्बर पांढरी दोन, म्हणजे 294 च्याच आसपासचा सूर. त्या दिवशी मला पटलं की हा आवाज बेअरिंगचा नाही, टायरचा नाही, दातांचाच आहे.

हा ठोका म्हणजे दात झिजतायत असं नाही, लक्षात घ्या. हा ठोका म्हणजे दातांचा आकार किंवा त्यांची एकमेकांपुढची जागा थोडी चुकलेली आहे. ताकदीचा प्रश्न इथं अजून आलेलाच नाही.

मग कंपनीचा सेट शांत का असतो? दात कापायच्या मुख्य दोन पद्धती आहेत. एकात कटर एक खाच पूर्ण कापतो, बाहेर येतो, गिअर एक घर पुढं सरकतो, मग पुढची खाच. ह्याला फेस मिलिंग म्हणतात, असा दात बाहेरच्या टोकाला उंच आणि आतल्या टोकाकडं उतरता असतो. दुसऱ्या पद्धतीत कटर आणि गिअर दोन्ही सतत फिरत राहतात आणि सगळ्या खाचा बरोबरच थोड्या थोड्या खोल होत जातात, हे फेस हॉबिंग, ह्यात दाताची उंची दोन्ही टोकांना सारखी. गाड्यांच्या कंपन्या मोठ्या संख्येनं सेट काढतात त्यामुळं हॉबिंग त्यांना परवडतं आणि वेळही वाचतो. बाहेरचे ब्रँड कितीतरी वर्षं मिलिंगवरच आहेत, कारण त्यांना एकाच हाऊसिंगसाठी सात-आठ रेशो थोडे थोडे काढायचे असतात. ह्याचा एक व्यवहारी परिणाम असा, की कंपनीच्या सेटवर मार्किंग (दात दाताला जिथं टेकतो तिथला डाग) कसं दिसायला पाहिजे हे ज्या मेकॅनिकच्या डोळ्यात बसलंय तो बाहेरच्या सेटवर तेच शोधत बसतो आणि चुकतो, कारण दाताचा घाटच वेगळा आहे.

पण कापण्याच्या पद्धतीनं आवाज ठरतो असं समजू नका. आवाज ठरतो त्याच्यानंतरच्या कामानं. गिअर कापला की त्याला हार्डनिंग करतात, भट्टीतून निघताना तो थोडा तरी वाकतो, हे टळत नाही. मग तो वाकडेपणा काढायला क्राऊन आणि पिनियन एकमेकांत अडकवून, मधे घासणारी पेस्ट टाकून फिरवतात, ह्याला लॅपिंग म्हणतात. म्हणजे ते दोघं एकमेकांसाठी घासले गेलेत, जोडीच झाली ती, म्हणून दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असतो आणि एकाचा क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनला चालत नाही. मिलिंगचा गिअर लॅपिंगऐवजी दगडानं ग्राइंडही करता येतो, हॉबिंगचा तसा व्यवहारात करत नाहीत. कंपनी ह्या पायरीवर वेळ घालवते, शिवाय तो एकच रेशो त्याच हाऊसिंगमध्ये लोड देऊन बघितलेला असतो, लोडखाली हाऊसिंग किती वाकतं, शाफ्ट किती ढळतो, त्याप्रमाणं दाताची गोलाई बदललेली असते. बाहेरचा चांगला ब्रँड लॅपिंग करतो पण तुमच्या हाऊसिंगचं वाकणं त्यानं तितकं अभ्यासलेलं नसतं. म्हणून अगदी चांगला, नीट बसवलेला बाहेरचा सेटसुद्धा कंपनीच्यापेक्षा जरा गुणगुणतो. हे मान्य करूनच घ्यावा.

ताकदीचं सांगायचं तर तिथं चित्र पार वेगळं आहे. स्टील दोघांचंही साधारण एकाच घराण्यातलं असतं. आपल्याकडं 20 एमएनसीआर 5 किंवा ईएन 353, अमेरिकन मालात 8620. सगळी कमी कार्बनची, केस हार्डनिंग करायची स्टीलं. वरचा साधारण एक मिलिमीटरचा थर 58 ते 62 रॉकवेलपर्यंत (हे कडकपणाचं माप) कडक करतात, आतला गाभा मात्र चिवट ठेवतात. वरचा थर झिजू देत नाही, आतला गाभा दणका खातो. भाकरी कशी वरून पापुद्रा कडक आणि आत मऊ तसं. ह्यात कुठं बिघडलं तर तुटण्याची जात बदलते. थर पातळ राहिला तर दातावर आधी बारीक खड्डे पडतात आणि मग टवके निघतात, पार आतपर्यंत कडक झाला तर एक दिवस चिखलात अडकलेली गाडी काढताना क्लच सोडला की काचेसारखा दात उडतो. स्वस्त डुप्लिकेट मालात खरी फसवणूक असते ती ह्या भट्टीच्या कामात, स्टीलमध्ये नाही, आणि ती डोळ्यांनी दिसत नाही. क्राऊनच्या कडेवर, दातावर नव्हे, नवी कानस हलकेच फिरवून बघतात, ती घसरली पाहिजे, लोखंड चावलं तर सेट परत करा. पण ह्यानं फक्त वरचा थर कळतो, गाभ्याचं काहीच नाही.

अमेरिकेत सरळ रेषेतल्या रेससाठी मुद्दाम मऊ गिअर मिळतात, 9310 स्टीलचे. स्टार्टचा जबरदस्त दणका ते सहन करतात पण रोज चालवले तर लवकर झिजतात. नावात रेसिंग आहे म्हणून रोजच्या गाडीसाठी ते मागवणं म्हणजे पैसे घालवणं.

आणि एक गोष्ट ब्रँडपेक्षा जास्त ताकद ठरवते, ती म्हणजे रेशो. क्राऊनचा व्यास हाऊसिंगमध्ये मावेल तेवढाच असतो, तो वाढत नाही. म्हणून रेशो उंच करायचा तर पिनियन बारीक करावा लागतो, त्याचे दात कमी होतात. 3.73 चा 11 दातांचा पिनियन आणि 4.88 चा 8 दातांचा पिनियन शेजारी ठेवून बघा, बोलायची गरज राहत नाही. 31 इंची टायर घातले की पिकअप मरतो आणि मग पोरं बाहेरचा उंच रेशो शोधतात. माझ्या साइजच्या टायरवरून 31 ला गेलात तर चाक साधारण 12 टक्के मोठं होतं, 3.73 च्या गाडीला 4.10 टाकला की जवळजवळ कंपनीसारखा पिकअप परत येतो. तेवढ्यावर थांबावं असं माझं मत आहे. त्याच्या वर गेलात तर पिनियन बारीक, टायर जड, दोन्हीकडून मार. शिवाय प्रोपेलर शाफ्टही तेवढा जास्त फिरतो, माझ्या साइजच्या टायरवर 80 च्या स्पीडला 3.73 असेल तर साधारण 2,250 आरपीएम आणि 4.88 असेल तर 2,900 च्या पुढं. शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा लवता सांधा, थोडा जरी सैल असला तर तो आता बोलायला लागतो आणि नाव गिअरचं खराब होतं. आणि फोर बाय फोर असेल तर पुढचा रेशोही तोच पाहिजे, नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर व्हीलला टाकलं की सगळं एकमेकांशी भांडत बसतं.

आता माझ्या जीपचं काय झालं ते. पहिल्या गॅरेजवाल्यानं सेट बदलला, बेअरिंग बदलली, आणि पिनियनमागची शिम, म्हणजे जागा नेमकी करायची पातळ चकती, होती तीच परत टाकली. मी नंतर भोसरीत एका वयस्कर मेकॅनिककडं गेलो, सगळे त्यांना काका म्हणतात, आधी ते एका कारखान्यात गिअर असेंब्लीला होते. त्यांनी ट्रायल घेतली, बोगद्यापर्यंत जायची गरजच नाही म्हणाले, भोसरीच्या पुलावरच कळतंय. हाऊसिंग उघडलं, क्राऊनच्या तीन-चार दातांना ब्लू, म्हणजे मार्किंगचा निळा रंग, लावला, एक लाकडी दांडकं क्राऊनला दाबून धरलं म्हणजे थोडा लोड येईल, आणि पिनियन हातानं फिरवला. दातावर जिथं जिथं पिनियन टेकला तिथला रंग पुसला गेला. तो डाग दाताच्या मधोमध लंबगोल यायला पाहिजे. माझा सगळा शेंड्याला, एक बारीक पट्टी नुसती.

"हे बघा दादा, पिनियन लांब बसलाय," काका म्हणाले. मग पिनियन बाहेर काढला आणि पुसून त्याच्या तोंडावरचा कोरलेला आकडा दाखवला, उणे 3. जुना पिनियन मी जपून ठेवला होता, त्याच्यावर अधिक 2. हे आकडे थाऊमध्ये असतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. अधिक म्हणजे हा पिनियन क्राऊनपासून तेवढा लांब चांगला चालतो, उणे म्हणजे तेवढा जवळ. दोघांत फरक पाच थाऊ, 0.127 मिलिमीटर, झेरॉक्सच्या कागदापेक्षा थोडंसंच जास्त. तेवढी शिम आतल्या बेअरिंगच्या कपामागं वाढवायला हवी होती, कोणी वाढवलीच नाही. त्या एका कागदानं गाडी रडत होती.

काकांनी शिम वाढवली, पिनियन बेअरिंगचा टाइटपणा परत सेट केला, पिनियन जवळ आला म्हणून क्राऊन थोडा बाजूला घेतला, डायल गेज लावून प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, बघितला, 0.20 मिलिमीटर. साधारण 0.15 ते 0.25 मध्ये बसतो तो बहुतेक गाड्यांत, तरी आपल्या गाडीचा आकडा बघूनच घ्यावा. परत ब्लू, परत फिरवलं, डाग जरा आतल्या टोकाकडं, परत शिम. चार वेळा खोललं आणि जोडलं. सकाळी दहाला सुरू केलेलं काम संध्याकाळी सहाला संपलं, आणि मी त्यातला एकही तास वाया गेला असं म्हणणार नाही. सेट तोच, लोकल. उतारावरचा आवाज गेला. 60 च्या आसपास थोडी गुणगुण राहिली आहे, खिडक्या बंद असल्या तर ऐकू येते, तेवढी राहणार हे काकांनी आधीच सांगितलं होतं. हजार-दोन हजार किलोमीटर तसंच चालवलं असतं तर दातांनी चुकीच्या जागी घासून घासून तीच सवय लावून घेतली असती, मग शिमनंही आवाज गेला नसता.

आणि इथं ताकदीचा संबंध येतो बघा. शेंड्याला टेकणारा दात म्हणजे सगळा लोड दाताच्या टोकावर, लांब पहारीच्या टोकावर जोर दिल्यासारखा, मुळाशी ताण जास्त. तसाच चालवला असता तर उद्या दात मोडला असता, आणि सगळे म्हणाले असते, बघ, लोकल माल. कंपनीचा सेट असा बसवला असता तरी हेच झालं असतं.

तुमच्या गाडीला आवाज येत असेल तर खोलायच्या आधी थोडं ऐका. मुंबई एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर आवाज येतो आणि गुळगुळीत डांबरावर गेला तर तो टायरचा. डावी-उजवी वळणं घेताना कमीजास्त होतो आणि ॲक्सिलरेटरशी काही देणंघेणं नाही, तर चाकाचं बेअरिंग बघा. पाय दिला, सोडला, नुसता धरून ठेवला, ह्या तिन्हीत आवाजाची जात बदलते आणि ठराविक स्पीडलाच जोरात येतो, तर तो क्राऊन-पिनियन. फक्त पाय सोडल्यावरच येत असेल तर पिनियनचं नट किंवा बेअरिंग सैल झालंय का ते पहिल्यांदा बघायला सांगा, कधी कधी तेवढंच असतं.

घ्यायचा कुठला हे विचाराल तर रोजची गाडी आहे, रेशो तोच ठेवायचाय आणि कंपनीचा सेट मिळतोय, तर जास्त पैसे देऊन कंपनीचाच घ्या, शांततेचे पैसे आहेत ते. नाना पेठेत कधी कधी कंपनीला माल पुरवणाराच स्वतःच्या डब्यात तोच सेट विकतो, तो मिळाला तर फारच उत्तम, फक्त दुकान ओळखीचं पाहिजे. जुनी गाडी असेल, कंपनीनं सेट बंद केला असेल किंवा रेशो बदलायचा असेल तर नावाजलेला बाहेरचा ब्रँड बिनधास्त घ्या, पण बेअरिंग किट आणि शिमचा सेट त्याच दिवशी घ्या आणि मेकॅनिकला आधी विचारा, मार्किंग बघता का, डायल गेज आहे का. नाही म्हणाला तर कितीही महाग सेट त्याच्या हातात देऊ नका. बिननावाचा, नंबर न कोरलेला सेट मात्र फुकट दिला तरी घेऊ नये, त्यापेक्षा स्क्रॅपमधला कंपनीचा जोडीचा सेट, दात धड असलेला, मला जास्त भरवशाचा वाटतो.

नवीन सेट टाकला की पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं हलकी चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. पहिले 800 किलोमीटर ट्रेलर नको, भरलेली गाडी घाटात नको, कारण दात अजून एकमेकांना घासून बसतायत आणि गरम होतात. मग ऑइल बदला. मी 800 ला भोसरीत गेलो तेव्हा काकांनी ड्रेन प्लग काढला, त्याच्या मॅग्नेटवर काळपट राखाडी पेस्ट होती, काजळासारखी. त्यांनी ती अंगठा आणि बोटामध्ये घेऊन बराच वेळ चोळली, खडा लागतोय का बघत. नाही लागला. हात फडक्याला पुसले आणि म्हणाले, नवीन ऑइल भरा.